एक सूत

कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसावा अशी माझी फारशी इच्छाही नाही, पण त्या गोगलगायीने त्याच्याकडे तुच्छतेने पाहिलं. मोहरीच्या दाण्याएवढी गोगलगाय — दुकानातून आणलेल्या पाणवनस्पतीच्या पानाखाली लपून, बिनतिकीट आलेली — तिने आपली दोन शिंगं बाहेर काढली, त्याचा चष्मा, नाक, हातातल्या लांब चिमट्याचं टोक असं सगळं एकेक करून तपासलं आणि शिंगं आत ओढून घेतली. नापास. हा निकाल त्याच्या चांगलाच ओळखीचा होता, कारण सगळी नोकरी त्याने तोच दिला होता... यंत्रांचे सुटे भाग समोर यायचे, मापाच्या गेजमध्ये बसले तर पुढे, नाही बसले तर लाल खडूची फुली आणि भंगाराचं पिंप. कामगार पाठीमागे त्याला 'नापास' म्हणायचे आणि तो समोरून आला की हातातला चहा खाली ठेवायचे. आणि आता त्याच्यावर — म्हणजे माझ्यावरच, उगाच कशाला लपवा — ही शिंगवाली कारटी फुली मारते!

"सापडलं का काही त्यात?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"मोठ्या साहेबीण आल्यात. तपासणीला."

"मग बसवा त्यांना. चहा टाकते."

त्याने पान जपून उलटं केलं आणि साहेबिणीला पुन्हा सावलीत ठेवलं. समोर काचेची टाकी होती, अजून कोरडी. तळाशी काळ्या भाजक्या मातीचे दाणे, पुढे उतार, मागे चढ, मध्ये एक वाकडं लाकूड, ज्याला दुकानदाराने 'निसर्गाची कलाकृती' म्हणून गळ्यात मारलं होतं — चुलीत घालायच्या लायकीचं. टाकीखाली कपाट. ते मात्र त्याचं स्वतःचं, हाताने केलेलं, जाड प्लायवूडचं, तीनदा पॉलिश मारलेलं. खाली फरशीवर लेक बसली होती आणि ओल्या कागदावरच्या गवताचा गुंता सोडवून एकेक काडी त्याच्या चिमट्यात देत होती. काडी घ्यायची, मातीत तिरकी खुपसायची, हलकेच सोडायची... दहातल्या चार पुन्हा वर येतात, लाज नसल्यासारख्या.

"ही लाल पानांची मागे लावू?" त्याने विचारलं.

"हो."

"की पुढेच बरी?"

"हो."

"की खिडकीतून फेकून देऊ?"

"हो बाबा," ती म्हणाली आणि पुढची काडी वर धरली.

ऐकलंत? हे असं. घरी परत आल्यापासून ही मुलगी 'हो' म्हणते. भात शिजला नाही का, हो. शिजला का, हो. आणि त्या 'हो'चा त्याला इतका तिटकारा आला होता की एखादा शब्द गेजमध्ये घालून तपासता येत असता तर हा त्याने पहिल्याच दिवशी पिंपात टाकला असता. गुळगुळीत, कडा नसलेला, कशातही बसणारा शब्द. ज्याला कडा नाही तो भाग कामाचा नाही, हे तर शिकाऊ उमेदवारालाही कळतं.

एके काळी हीच पोर... तेव्हा ती टेबलाच्या उंचीची होती, आणि त्याने जेवताना सांगितलं होतं की आमच्या कारखान्यात एक यंत्र आहे, ते नुसती भोकं बनवतं. भोकं पोत्यात भरतात आणि जिथे भोकं कमी पडतात त्या गावी पाठवतात. बायको म्हणाली, असेल बाई. शेजारी म्हणाले, आजकाल काय काय निघेल सांगता येत नाही. आणि ही चमचा आपटून ओरडली — खोटं! भोकं भरली तर पोतं खाली सांडेल! सबंध जगात एवढा एकच माणूस त्याला भेटला होता. बाकीचे सगळे ऐकणारे. तुम्ही काहीही सांगा, माना डोलावतील... त्यांना थापा मारण्यात कसली मजा? उतारावर गाडी ढकलण्यासारखं. थाप मारावी ती पकडणाऱ्यासमोर. तो कारखान्यातून घरी येताना वाटेत थापा रचत यायचा, त्या फक्त तिच्यासाठी, आणि प्रत्येकीत एक फट मुद्दाम ठेवायचा, बोट जाईल एवढी, आणि ती पानावर बसल्या बसल्या नेमकं तिथेच बोट घालायची.

मग तिचं लग्न झालं. जावयाबद्दल मला काहीही बोलायचं नाही. बोलतो. दिसायला स्वच्छ, बोलायला मऊ, आवाज कधी चढवायचा नाही, हात तर नाहीच. फक्त तिच्या प्रत्येक वाक्यानंतर भुवई उचलून विचारायचा, 'नक्की?' भाजीत मीठ कमी आहे — नक्की? मंगळवारी मावशी येणार आहे — नक्की? मी दार लावलं होतं — नक्की? एकदा तिच्याकडे राहायला गेलेल्या बापाने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि त्याला वाटलं होतं की काय हा चिकित्सक माणूस, आपल्याच पंथाचा! शाबास. असा मूर्ख शोधून सापडायचा नाही, जावई नव्हे, मी म्हणतोय तो मूर्ख दुसराच. वर्षं गेली, आणि शेवटी मावशी खरोखर मंगळवारी दारात उभी राहिली तरी हिला मंगळवारची खात्री वाटेना. दोन पिशव्या घेऊन परत आली. आई म्हणाली, बरं केलंस ना गं? ती म्हणाली, हो.

आणि एक दिवस दातांच्या डॉक्टरकडे... बायकोच्या दाढेसाठी तिघंही गेली होती, बसायच्या खोलीत एक टाकी होती, आत हिरवं रान, आणि कुणी काही विचारलेलं नसताना लेक म्हणाली, "असं घरी असतं तर बघत बसता आलं असतं." एवढंच. पण ते कशाचं उत्तर नव्हतं, आपण होऊन आलेलं वाक्य होतं, त्याला कडा होत्या. बायको तेव्हा आत तोंड उघडून बसली होती, नाहीतर तिनेही ऐकलं असतं. दुसऱ्याच दिवशी त्याने कपाटाची आकृती काढली.

मेहुणा — बायकोचा धाकटा भाऊ, फर्निचरचं दुकान असलेला, जगातल्या प्रत्येक वस्तूवर हात फिरवून 'फिनिशिंग बघा' म्हणणारा — तो लगेच म्हणाला की माझ्याकडून तयार कपाट न्या. त्याची कपाटं! भुसा दाबून केलेल्या फळ्या, वर लाकडाचा फोटो चिकटवलेला. थेंबभर पाणी लागलं की गांधीलमाशी चावलेल्या गालासारख्या सुजतात. पाण्याने भरलेली टाकी म्हणजे दोन-तीन धट्टीकट्टी माणसं जन्मभर एकाच जागी उभी राहण्यासारखं आहे. ती काय फोटोवर उभी करायची? त्याने प्लायवूड आणलं, विजेची करवत भाड्याने आणली, गॅलरीत दोन स्टुलं मांडली, आणि लेकीला म्हणाला, दुसरं टोक धर.

आता ऐका, कारण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एकाच फळीवर दोन बाजू एकापुढे एक आखायच्या असल्या की दोन्हींच्या मध्ये पात्याच्या जाडीएवढी जागा सोडावी लागते. पातं जाताना तेवढं लाकूड खातं, भुसा करून उडवतं. जागा सोडली नाही की पुढची बाजू नेमकी तेवढीच तोकडी. फार नाही, एक सूत, इंचाचा आठवा भाग. हे तिला ठाऊक होतं; शाळेत असताना याच बापाबरोबर तिने पुस्तकांचं फडताळ केलं होतं, आणि तेव्हा तीच ओरडली होती की बाबा, पात्याची जाडी! म्हणून त्याने मुद्दाम — मुद्दाम हं — मध्ये जागा सोडलीच नाही. करवत टेकवून थांबला. तिच्याकडे पाहिलं नाही, पण कान तिच्याकडे लावले. बोल. अगं, एवढी मोठी फट ठेवली आहे, बोट घाल. कडेच्या घरातला कुणीतरी रेडिओ लावत होता, बंद करत होता... ती दोन्ही हातांनी फळी धरून उभी होती. त्याने विचारलं, "कापू?" ती म्हणाली, "हो." मग त्याने कापलं. रागाने कापलं. भुसा दोघांच्याही भुवयांवर बसला.

कपाट उभं राहिल्यावर त्याने सपाटी तपासायची लेव्हल लावली. बुडबुडा एका बाजूला जाऊन बसला. तो स्वतःशी म्हणाला, बरोबर, असंच तर ठरलं होतं. आणि लेव्हल पिशवीत घालून पिशवी माळ्यावर टाकली.

"भावोजी! झालं का तुमचं तळं?"

मेहुणा दारात. चहाचा वास त्याला गल्लीच्या टोकावरून येतो. चपला काढता काढताच त्याने कपाटावर हात फिरवला, आणि बोटाने टकटक केलं.

"फिनिशिंग... बरं आहे. पण माझ्याकडचं घेतलं असतंत तर एव्हाना मासे पोहत असते."

"तुझ्याकडचं घेतलं असतं तर एव्हाना कपाट पोहत असतं."

"घ्या! ताई, ऐकतेस का गं?"

"मी काही ऐकत नाही," बायको ट्रे घेऊन आली. "तुमचं दोघांचं तुम्हीच ऐका."

लागवड संपली होती. त्याने मातीवर एक बशी ठेवली, मोरीतल्या नळाची लांब नळी आणली आणि बशीवर धार सोडली, म्हणजे माती उसळत नाही आणि मुळं हलत नाहीत. नळी एकदा हातातून निसटली, फरशीवर बऱ्यापैकी पाणी सांडलं, मेहुण्याने पाय वर घेतले. पाणी चढू लागलं. गवत आधी आडवं झालं, मग हळूहळू एकेक पातं उभं राहू लागलं, आळस दिल्यासारखं. आणि लेक गुडघ्यांवर हनुवटी ठेवून ते पाहत होती. तिच्या तोंडावर काहीतरी होतं. काय ते मला वाचता येईना.

"मासे कुठेत पण?" मेहुणा.

"महिनाभराने. आधी पाणी मुरावं लागतं."

"पाणी मुरतं?"

"लोणचं मुरतं, माणसं मुरतात, पाण्याने काय घोडं मारलंय?"

"नाही, ते खरं आहे," मेहुणा म्हणाला. आणि त्या 'खरं आहे'ने त्याच्या अंगावर असा काटा आला... काय ही माणसं! गेज लावायचा तरी कुठे यांना? मग त्याने सुरू केलं. तो मेहुण्याकडे पाहून बोलत होता, पण शब्द भिंतीवर आपटून खाली फरशीवर बसलेल्या मुलीकडे जावेत असा कोन धरून.

"आमच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये टाकी होती. मासे काय शिस्तीचे! भोंगा झाला की पहिल्या पाळीचे मासे रांगेने दगडाखाली जायचे आणि दुसऱ्या पाळीचे बाहेर यायचे."

"सवय. सवयीचे गुलाम असतात मुके जीव."

"संप झाला तेव्हा तेही तळाशी बसून राहिले. खाणं टाकलं तरी वर येईनात."

"बघा! युनियनची हवा सगळीकडे."

"एक म्हातारा मासा निवृत्त झाला. त्याला निरोप दिला, भाषणं झाली, घड्याळ दिलं."

मेहुण्याने चहाचा घोट घेतला, थोडा विचार केला. "वॉटरप्रूफ असणार," तो म्हणाला.

बायको हसली नाही. तिला हसू येत नव्हतं असं नाही, तिने ऐकलंच नव्हतं. ती कपबशा गोळा करत होती. त्याने खाली पाहिलं.

"खरं की नाही गं?"

"हो बाबा."

एवढा मोठा मासा घड्याळ बांधून तिच्यासमोर टांगला, आणि हो बाबा. त्याला वाटलं की नळी फेकावी आणि म्हणावं, अगं, कुठे गेलीस तू? दोन पिशव्या घेऊन आलीस, त्यात कपडेच फक्त? पण हे असलं काही बोलायचं तोंड त्याच्याकडे नव्हतंच कधी. खऱ्याचा त्याला सराव नव्हता. तिचा नवरा दर वाक्याला खात्री मागायचा आणि तिचा बाप जन्मभर जे बोलला त्यातल्या कशाचीच खात्री नव्हती... दोघांच्या मध्ये सापडलेलं पोर 'हो' म्हणणार नाही तर काय म्हणणार? हा विचार त्याने डासासारखा हाताने उडवला. तो पुन्हा येऊन कानाशी बसला.

पाणी काचेच्या वरच्या कडेपाशी आलं.

"अहो," बायको ट्रे घेऊन जाता जाता थांबली. "पाणी वाकडं दिसतंय."

"पाणी वाकडं नसतं."

"मग बघा ना. या बाजूला काठाला टेकलंय आणि त्या बाजूला अजून जागा आहे."

मेहुणा उठला. एक डोळा मिटून उभा राहिला, जणू आयुष्यभर पाण्याच्या रेषाच मोजत आला होता. त्याच्या तोंडावर हळूहळू एक स्मित उगवू लागलं. दुसऱ्याच्या कामात खोट सापडलेल्या माणसाचं स्मित. माझ्याइतकं ते कुणी ओळखणार नाही, कारण मी ते सगळी नोकरी तोंडावर वागवलं.

"भावोजी, कपाट —"

"कपाट नव्हे. फरशी."

"फरशी?"

"या खोलीची फरशी उतरती आहे. ज्या गवंड्याने घातली त्याला डाव्या कुशीवर झोपायची सवय होती. एकाच कुशीवर झोपून झोपून माणसाची नजर कलते. त्याने घातलेल्या फरश्या त्याला सरळच दिसायच्या. अख्खी इमारत त्याच्या झोपेसारखी कललेली आहे. मी इतकी वर्षं राहतोय, माझा हा खांदा बघ, उतरलाय."

नळ बंद करायला हवा होता, त्याने केला. आणि मग बायको सावकाश म्हणाली —

"खरंच की. म्हणूनच दूध नेहमी एकाच बाजूने उतू जातं."

"आणि मला या खुर्चीत बसलं की कंबर धरते," मेहुणा म्हणाला. स्मित मावळलं होतं. "दुकानात नाही धरत. मी म्हणायचो, इथेच का?"

"तुझ्या भाचीच्या खोलीचं दारसुद्धा आपोआप लागतं," बायको म्हणाली.

कसली ही दुनिया! एवढी गलथान थाप, धड रचलेलीही नाही, चारी बाजूंनी भोकं — आणि दोघं मिळून तिला टेकू देत होते, दूध आणून, कंबर आणून, दार आणून. त्यांच्याबद्दल जी घृणा वाटली ती इतकी थंड आणि भरपूर होती की तिच्यात गवत लावता आलं असतं. आणि ती त्यांच्यापाशी थांबेना, वळून त्याच्याकडेच आली: याच माणसांसमोर शहाणा ठरण्यात तू आयुष्य काढलंस, लेका. आता कपाट असंच राहणार, कललेलं. ती रोज इथे बसेल, रोज ती तिरकी रेघ बघेल आणि हो म्हणेल. मी मरेन आणि ती हो म्हणेल.

"खोटं."

आवाज मोठा नव्हता. पण कपबशा हातात असलेली बाई आणि कंबर धरून उभा असलेला माणूस, दोघंही वळले. लेक अजून खालीच बसली होती, आणि मघाशी सांडलेल्या पाण्याकडे बोट दाखवत होती.

"हे सांडून किती वेळ झाला, मामा? फरशी उतरती असती तर एव्हाना दाराकडे गेलं असतं. जागचं हललेलं नाही. गोल पडलंय तसंच आहे." ती उठली, कपाटाच्या उजव्या बाजूवर तळहात ठेवला. "फरशी सरळ आहे. कपाट वाकडंय. ही बाजू एक सूत तोकडी आहे. पात्याची जाडी धरली नाही बाबांनी."

आणि तिच्या आवाजात काय होतं म्हणाल? तुच्छता. अस्सल, घरची, कडा असलेली. मामाच्या कंबरेबद्दल, आईच्या दुधाबद्दल, झोपाळू गवंड्याबद्दल, सगळ्यांबद्दल. त्याच्या छातीत काहीतरी उसळलं, बशीवरून धार सरकली तर माती उसळते तसं. आली! सापडली! त्याला एकदम मोठं, उदार व्हावंसं वाटलं, आणि तो दोन्ही हात पसरून म्हणाला —

"मुद्दामच नाही धरली! तू बोलावंस म्हणून. एवढे दिवस वाट बघतोय मी. मला पक्कं ठाऊक होतं, तू पकडणार —"

बायकोचे डोळे भरून आले. मेहुणा म्हणाला, "वा, भावोजी!" दोघांनीही मान डोलावली.

लेकीने मान डोलावली नाही. ती त्याच्याकडे पाहत राहिली, डोळे बारीक न करता, घाई न करता. एखादा भाग हातात घेऊन आधी नुसत्या नजरेने पाहावा तसं. आणि त्याला तो दिवस आठवायचा होता, पटकन, तिने बोलायच्या आधी... गॅलरी, स्टुलं, तो रेडिओ, फळीवरची पेन्सिलची रेघ, पात्याची जागा सोडून मारलेली — रेघ होती ना? तो पुन्हा पुन्हा फळीकडे पाहत होता आणि फळी नुसती पिवळट, लांब, कोरी दिसत होती. आणि तो थांबला होता हे खरं, करवत टेकवून थांबला होता, पण ते तिच्यासाठी की... किती वेळा सांगितली होती त्याने ही गोष्ट स्वतःला, आणि ऐकणारा दर वेळी मान डोलावत होता.

"हेही खोटं," ती म्हणाली. "दोनदा चष्मा पुसलात. नाक टेकवलंत लाकडाला. तुम्हाला ती रेघ दिसतच नव्हती, बाबा. मी बघत होते."